शंखजिऱ्याचं कोरीव तबक: शोभेचं की वापराचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आग्र्याहून आणलेलं दहा इंची गोल दगडी तबक, मध्ये कमळ कोरलेलं, काठाला जाळी. पाहुण्यांसाठी त्यात लिंबाच्या फोडी ठेवल्या, त्या रात्रभर तशाच राहिल्या आणि सकाळी बघता तर फोडींच्या जागी पांढुरकी, निस्तेज वर्तुळं. दुकानदाराने 'मार्बल' सांगून विकलं होतं. घरातल्यांचं म्हणणं, मऊ दगड आहे, खोबरेल चोळ म्हणजे जाईल. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की यात खायचं वाढावं, की कपाटात ठेवून लांबून बघावं.

आधी एक सांगतो, तेल अजून लावू नका. लावलं असेल तर थांबा. या प्रकरणात दगड कोणता याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, महत्त्वाचं आहे ते दगडावर काय लावलंय. शुद्ध शंखजिरं (इंग्रजीत सोपस्टोन, हिंदीत गोरा किंवा गौरा पत्थर) अन्नाला काही करत नाही आणि लिंबू-चिंचही त्याला काही करत नाही. आपल्याकडे जुन्या घरांत दही, लोणचं ठेवायला 'दगडी' असायची ती त्याचमुळे. पितळेची कल्हई गेली की आंबट कळकतं, दगडीत कळकत नाही. पण दगडीवर चकाकी नसायची. विकायच्या कोरीव तबकावर मात्र ती आणावी लागते आणि शंखजिऱ्याला स्वतःची काचेसारखी चकाकी येत नाही. तो फार मऊ असतो, घासून घासून रेशमी होतो, आरसा होत नाही. म्हणून वर मेण, लॅकर (पारदर्शक वार्निश) किंवा राळेचा एखादा थर चढवतात. लिंबाने बहुतेक वेळा तोच थर उडवलेला असतो.

'बहुतेक वेळा' म्हणालो, कारण आग्र्याच्या बाजारात एकाच फळीवर चार वेगळे पदार्थ सारख्याच रुबाबात मांडलेले असतात: शंखजिरं, संगमरवर, जिप्समचा अलाबास्टर, आणि राळेत दगडाची पूड कालवून साच्यात ओतलेला माल. चौघांचा स्वभाव वेगळा, उपायही वेगळा. त्यामुळे ओळख पटवल्याशिवाय दिलेला कुठलाही सल्ला, माझा धरून, अंदाजच.

ओळख तळाच्या बाजूला पटवायची. तळाला पॉलिश कमी असतं आणि ओरखडा पडला तरी दिसत नाही. अंगठ्याच्या नखाने जोर देऊन रेघ ओढा. रेघ उमटली तर शंखजिरं किंवा जिप्सम, उमटली नाही तर संगमरवर असण्याची शक्यता मोठी. मोहसच्या मापात (खनिजांच्या कठीणपणाची १ ते १० ही पट्टी) टाल्क, म्हणजे शंखजिऱ्यातलं मुख्य खनिज, १, जिप्सम २, आपलं नख साधारण सव्वादोन ते अडीच आणि संगमरवर ३. मात्र तबकाचं शंखजिरं निव्वळ टाल्क क्वचितच असतं. त्यात क्लोराइटसारखी थोडी कठीण खनिजं मिसळलेली असतात, त्यामुळे नखाने जेमतेम रेघ पडली तरी निकाल लावून टाकू नका. तांब्याच्या तारेचं टोक फिरवून बघा. शंखजिऱ्यावर सहज चर पडेल आणि चरातून निघणारी पूड, दगड काळा-हिरवा असला तरी, पांढरी आणि बोटांत साबणासारखी बुळबुळीत लागेल. जिप्समची पूड तशी लागत नाही, ती खडूसारखी कोरडी असते.

त्याच चरातल्या पुडीवर व्हिनेगरचा एक थेंब टाका. बारीक बुडबुडे आले तर चुनखडीच्या कुळातला दगड, म्हणजे संगमरवर. हे पुडीवरच करा, पॉलिशवर थेंब नुसता बसून राहतो आणि फसवतो. संडास साफ करायचं ॲसिड मात्र या कामाला वापरू नका. त्याने डाग पडतो.

अजून खात्री हवी असेल तर घनता काढा, घरच्या वजनकाट्यावर होते. तबक कोरडं तोला. मग काट्यावर पाण्याने भरलेलं पसरट पातेलं ठेवून आकडा शून्य करा. तबक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला-कडेला टेकणार नाही असं धरा. काट्यावर दिसेल तो ग्रॅमचा आकडा म्हणजेच तबकाचं घनफळ, घनसेंटिमीटरमध्ये. कोरड्या वजनाला त्याने भागा. उत्तर २.७ ते २.८ आलं तर शंखजिरं किंवा संगमरवर (त्या दोघांचा निवाडा वरच्या व्हिनेगरने झालेला आहे), २.३ च्या आसपास आलं तर जिप्सम, दोनच्याही खाली आलं तर राळ. दहा इंची, सेंटिमीटरभर जाडीचं भरीव तबक शंखजिऱ्याचं असेल तर साधारण १३७० ते १४२० ग्रॅम भरतं, जाळी आणि खोदकाम वजा जाता थोडं कमी. बुडवणं अर्ध्या मिनिटात उरका आणि लगेच पुसा, कारण जिप्सम पाण्यात थोडं थोडं विरघळतं, लिटरला दोन ग्रॅमच्या आसपास. तेवढं पॉलिश जायला पुरतं.

राळेचा माल ओळखायला बहुधा एवढीही गरज नसते. हाताला दगडाचा गारवा लागत नाही, जाळीची सगळी भोकं तंतोतंत सारखी असतात, काठाला साच्याची बारीक शीर दिसते. हाताने कोरलेल्या जाळीत भोकांच्या आतल्या अंगाला कानशीचे तिरके व्रण असतात आणि दोन पाकळ्या कधी अगदी सारख्या नसतात. (गोल घाट मात्र नेमका असला म्हणून शंका घेऊ नका. मऊ दगड यंत्रावर कातायची रीत फार जुनी आहे. उत्तर प्रदेशातल्या पिप्राव्याच्या बौद्ध स्तूपात १८९८ साली निघालेले शंखजिऱ्याचे अस्थिकलश पाहा.)

आता वर्तुळांकडे. डोळ्यांनी नाही, बोटाने तपासा. डोळे मिटून बोटाचं टोक चांगल्या भागावरून वर्तुळावर सरकवा.

वर्तुळ गुळगुळीत लागलं आणि फक्त चमक गेलेली असली तर मेणाचा थर गेलाय, दगड शाबूत आहे. हे सगळ्यात सोपं. वर्तुळाच्या काठाला पापुद्रा जाणवत असेल, नखाने त्याचा कोपरा उचलता येत असेल किंवा दुधाळ पडदा थराच्या आत दिसत असेल तर वर लॅकर आहे आणि त्यात ओलावा शिरलाय. आणि वर्तुळ खरखरीत, किंचित खोल लागत असेल तर आम्लाने दगडच खाल्लाय. संगमरवर असेल तर हे होणारच. पण शंखजिऱ्यातही कधीकधी डोलोमाइट किंवा मॅग्नेसाइटच्या शिरा असतात. मग वर्तुळभर सारखा खडबडीतपणा न येता बारीक खड्ड्यांची नक्षी येते, मधला टाल्क जसाच्या तसा राहतो. अशा दगडावर व्हिनेगरचे बुडबुडे दिसतीलच असं नाही, ही खनिजं थंडीत फार सावकाश प्रतिसाद देतात. बोटावर जास्त विश्वास ठेवा.

लॅकर आहे का हे पक्कं करायला तळाच्या कडेवर, दिसणार नाही अशा जागी, नेलपॉलिश रिमूव्हरचा कापूस दहा सेकंद टेकवा. कापूस चिकटला किंवा जागा निस्तेज झाली तर लॅकर. काही झालं नाही तर टर्पेंटाइनचा कापूस फिरवा. त्यावर पिवळट, गुळगुळीत कीट आलं तर मेण. तबकात शिंपल्याचे किंवा रंगीत दगडाचे तुकडे जडवलेले असतील तर त्या तुकड्यांजवळ यातलं काहीच नेऊ नका. जडावकाम लाखेने बसवलेलं असेल तर ती स्पिरिटमध्ये विरघळते, इपॉक्सी असेल तर रिमूव्हरने मऊ पडतं. जडावाच्या तबकाला मी मुळात ओल्या वा गरम खाण्यासाठी वापरूच नये असं म्हणेन, दगड कितीही चांगला असो.

तेलाबद्दल थांबायला का सांगितलं, तेही इथेच सांगतो. शंखजिरं तेलाने गडद होतं. काळ्या-हिरव्या दगडावर ते सुंदर दिसतं. पांढऱ्या किंवा फिक्या गुलाबी दगडावर ढगाळ पिवळे पट्टे उठतात, कारण जिथे मेण उरलंय तिथे तेल मुरत नाही आणि जिथे गेलंय तिथे मुरतं. म्हणजे वर्तुळं झाकली जाण्याऐवजी कायमची उमटतात. खोबरेल, शेंगदाणा, तीळ ही तेलं शिवाय काही महिन्यांत खवट वास मारू लागतात. जवसाचं तेल वाळून घट्ट होतं खरं, पण पिवळं पडतं आणि कोरीव कामाच्या खोबणीत चिकट राहतं, त्यावर धूळ बसते.

तर दगड शंखजिरं निघाला, जडाव नाही आणि वर्तुळ गुळगुळीत आहे असं धरून करायचं ते असं.

जुनं मेण संपूर्ण उतरवा, नुसतं वर्तुळाभोवतीचं नाही. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या सुती फडक्याने, खिडकी उघडी ठेवून, गॅसपासून लांब. कमळाच्या पाकळ्यांमध्ये जुना मऊ टूथब्रश. मग भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकलेल्या कोमट पाण्याने धुवा, साध्या पाण्याने दोनदा खळबळा आणि सावलीत पूर्ण एक दिवस वाळू द्या. हा एक दिवस लोक गाळतात. आत ओलावा राहिला की वर चढवलेलं मेण पांढुरकं दिसतं आणि वाटतं मेणच वाईट होतं.

वाळल्यावर पृष्ठभाग सगळीकडे सारखाच फिका दिसला तर घासायची गरज नाही. ओरखडे असतील तर वॉटर पेपर (पाण्यात वापरायचा पॉलिश पेपर, नंबर मोठा तितका बारीक), आणि कायम ओला करूनच. ४०० नंबरपासून सुरुवात, मग ६००, ८००, १०००. वर्तुळ खरखरीत असेल तर ३२० पासून, खड्डे खोल असतील तर २२० पासून. प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदला, आधी उभी, मग आडवी. मागच्या कागदाच्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढचा कागद हातात घ्यायचा नाही. नेमक्या वर्तुळावरच घासत बसलात तर तिथे बशी तयार होते आणि उजेड तिरपा पडला की ती पहिल्या डागापेक्षा जास्त डोळ्यांत भरते. म्हणून कमळाभोवतीचा सगळा सपाट भाग एकसारखा घासायचा. पाकळ्यांच्या कडांना ६०० चा कागद बांबूच्या काडीला गुंडाळून, हलक्या हाताने. कोरीव कामाची धार मऊ दगडात पाच मिनिटांत गोल होते आणि ती परत आणायला कारागीरच लागतो.

ओलं घासण्याचा आग्रह सोडू नका. शंखजिऱ्याची पूड फुप्फुसांसाठी वाईट. काही खाणींच्या दगडात ॲस्बेस्टॉसच्या कुळातले तंतूही असतात, ते कुठल्या तबकात आहेत हे घरी कळायला मार्ग नाही. तयार, धुतलेल्या तबकात खाण्याने ही भीती नाही, कोरडी पूड श्वासात जाण्याने आहे. ड्रिलला पॅड लावून कोरडं पॉलिश करायचं तर अजिबात नाही. चिखल फडक्याने टिपून घ्या, वाळून त्याची धूळ होऊ देऊ नका. साधा सर्जिकल मास्क यात उपयोगाचा नाही, एन-९५ घाला.

मग मेण. मधमाशीचं मेण २० ग्रॅम, औषधाच्या दुकानात मिळणारं बिनवासाचं लिक्विड पॅराफिन ८० मिलीलिटर. बेबी ऑइल चालणार नाही, त्यात सुगंध असतो. वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून वितळवा, थेट गॅसवर नको. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, उकळायची गरज नाही. गार झाल्यावर लोण्यासारखं मलम होतं. तबक तासभर उन्हात ठेवून कोमट करा, मलमाचा अगदी पातळ हात फिरवा, अर्ध्या तासाने जुन्या धोतराच्या फडक्याने पुसून चमक येईपर्यंत चोळा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. जाड थर दिलात तर तो आत जात नाही, वर चिकट राहतो. हे प्रमाण शंभर तबकांना पुरेल, उरलेलं पोळपाट-लाटण्याला लावा.

पांढऱ्या दगडावर हेच मलमही आधी तळाला लावून दोन दिवस बघा. रंग फार बदलत असेल तर मेणाशिवाय तसंच कोरडं ठेवा. निस्तेज, पावडरीसारखा पृष्ठभाग वाईट दिसत नाही. मला तर चकाकीपेक्षा तोच जास्त आवडतो, कोरीव कामाच्या सावल्या त्यावर नीट पडतात.

लॅकरवाल्या तबकाचं गणित वेगळं. लॅकर उतरवायला ॲसिटोन लागतं आणि जाळीच्या भोकांतून लॅकर पूर्ण निघत नाही. अर्धवट लॅकर आणि त्यावर मेण, हे सगळ्यात वाईट मिश्रण. उतरवायचा धीर नसेल तर लॅकर राहू द्या आणि तबक फक्त कोरड्या वस्तूंसाठी ठेवा. संगमरवर निघाला तर घासण्याची रीत वरचीच, पण वेळ बराच जास्त लागेल आणि पुढे लिंबू, टोमॅटो, ताक त्याच्या जवळ आणायचं नाही. जिप्सम असेल तर ओलं घासणं बाद. कोरडं मऊ फडकं आणि थोडं मेण, एवढ्यावर समाधान माना.

वापराचं बोलायचं तर, मेण लावलेलं शंखजिऱ्याचं तबक सुका मेवा, तीळगूळ, पानसुपारी, न चिरलेली फळं, बिस्किटं यांना अगदी योग्य. लिंबाच्या फोडीही चालतील, पण तासाभरासाठी, आणि नंतर धुऊन. पाणी भरून फुलं तरंगवायलाही छान, फक्त पाणी जड असेल तर कडेला क्षारांची पांढरी रेघ येते. ती व्हिनेगरने निघते. पण पुन्हा सांगतो, दगड शंखजिरं असल्याची खात्री असेल तरच.

गरम नको. नुकत्या तळलेल्या भज्या मेणाच्या वितळबिंदूच्या बऱ्याच वर असतात. चमक भज्यांना लागेल आणि तेल दगडात जाईल. 'पण तामिळनाडूत तर याच दगडाच्या भांड्यात सांबार शिजवतात' हा प्रश्न नेहमी येतो. बरोबर आहे, ती कल्चट्टी (तिकडची दगडी हंडी) मऊ दगडाचीच. पण ती जाड आणि एकसारखी कोरलेली असते, वर कुठलाही लेप नसतो आणि वापरापूर्वी तेल-हळद, मग काही दिवस भाताची पेज असं करत तिला हळूहळू तयार केलेलं असतं. तबकात मधे सेंटिमीटरभर जाडी आणि जाळीपाशी तीन मिलिमीटर. गरम झालं की जाड भाग आणि पातळ भाग वेगवेगळ्या वेगाने फुगतात आणि तडा जाळीच्या सांध्यावर जातो. मायक्रोवेव्ह, डिशवॉशर यांचंही तेच. गरम वाढायचंच असेल तर मध्ये काचेची वाटी ठेवा किंवा केळीच्या पानाचा गोल कापून घाला.

हळदी-कुंकवासाठी तबक काढणार असाल तर कुंकवाखाली छोटी चांदीची किंवा स्टीलची वाटी हवीच. हळदीचा डाग उन्हात ठेवला की दोन-तीन दिवसांत फिकटतो (साबणाने तो लाल होतो, घाबरू नका, धुतल्यावर परत पिवळा होतो). पण बाजारच्या स्वस्त कुंकवातला कृत्रिम रंग दगडात शिरला की सहसा निघत नाही. चहाचा डाग पडला तर हायड्रोजन पेरॉक्साइड सहा टक्क्यांचं आणून निम्मं पाणी घालायचं, त्यात चायना क्ले कालवून पाव इंच जाडीचं पोटीस डागावर थापायचं, वर प्लास्टिक, एक दिवसाने काढायचं. तेलाच्या डागाला तेच पोटीस पेरॉक्साइडऐवजी टर्पेंटाइनमध्ये. मुलतानी माती वापरू नका, फिक्या दगडाला तिचाच रंग चढतो. तारेची घासणी तर लांबच. तिचे कण अडकून गंजतात, आणि गंजाच्या डागावर ब्लीच टाकलं की तो आणखी पक्का होतो.

उचलताना दोन्ही हात तळाखाली, जाळीला धरून कधीच नाही. मोडतोडीत जाळीच आधी जाते. तुटलेला तुकडा दोन नळ्यांच्या इपॉक्सीने जोडता येतो. सांध्यात त्याच दगडाची पूड मिसळली की रेघ दिसत नाही, पण त्या बाजूला पुढे ओलं खाणं ठेवू नये. तळाला फेल्टचे चार गोल ठिपके चिकटवा. काचेच्या टेबलावर सरकवलं तर ओरखडा टेबलाला नाही, तबकालाच पडतो.

आता तुमच्याकडून तीन गोष्टी कळल्या तर नेमकं सांगता येईल: कोरडं वजन, पाण्यातला आकडा, आणि बोटाला वर्तुळ कसं लागतं. फोटोत खरखरीतपणा दिसत नाही, त्यामुळे तिसरी गोष्ट शब्दांतच लिहा. त्यावरून ३२० पासून सुरुवात करायची की कागद हातात घ्यायचाच नाही, ते ठरेल.